३.८१ ही सरासरी येऊच शकत नाही

समजा, एका संशोधन-पेपरात लिहिलंय की ३४ कर्मचाऱ्यांना ‘तुम्ही कामावर कितपत समाधानी आहात?’ असं विचारलं, उत्तरं १ ते ५ मध्ये घेतली आणि सरासरी आली ३.८१. वाचणारा मान डोलावून पुढे जातो. पण ही सरासरी येऊच शकत नाही. प्रत्येकाचं उत्तर पूर्ण आकड्यात आहे, म्हणजे चौतीस जणांची बेरीजही पूर्ण आकडाच असणार. ३.८१ गुणिले ३४ करा, १२९.५४ येतात. बेरीज १२९ धरली तर सरासरी ३.७९, १३० धरली तर ३.८२. या दोन्हींच्या मधे काहीच नाही.

या तपासणीला ‘ग्रिम’ म्हणतात. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या दोन संशोधकांनी ती २०१६ मध्ये मांडली. मानसशास्त्रातल्या ज्या ७१ पेपरांना त्यांना ती लावता आली, त्यांतल्या ३६ पेपरांत किमान एक सरासरी जुळली नाही आणि १६ पेपरांत एकाहून जास्त. हे सगळे पेपर रीतसर रेफरींच्या, म्हणजे छापण्याआधी तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, हातून गेलेले. आणि लागतं काय, तर गुणाकार-भागाकार.

ती कुठे चालते तेवढं नीट समजून घ्यायला हवं. उत्तरं पूर्ण आकड्यांत हवीत: लायकर्ट स्केल (‘१ ते ५’ सारखी उत्तरं), मुलांची संख्या, वर्षांत विचारलेलं वय. सेकंदांच्या दशांशात मोजलेल्या वेळेला ती लागू नाही. सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत दिली असेल तर नमुना शंभराच्या आत हवा. कारण सोपं आहे. नमुना ३४ चा असेल तर दशांशानंतरच्या शंभर जोड्यांपैकी फक्त ३४ शक्य असतात, बाकी ६६ अशक्य. शंभराच्या वर नमुना गेला की कुठलाही आकडा बसतो आणि चाळणीची भोकं मोठी होतात. नमुना जितका लहान, तितकी चाळणी बारीक.

आकडा जुळला नाही म्हणून लगेच ‘डेटा बनवलाय’ असं ओरडू नये. साध्या शक्यता आधी निकालात काढायच्या. समाधान एका प्रश्नावर मोजलंय की दोन प्रश्नांच्या सरासरीवर? दोन असतील तर ३४ ऐवजी ६८ ने गुणायचं: २५९.०८. आणि २५९ भागिले ६८ म्हणजे ३.८१. झालं की बरोबर! दुसरी शक्यता कोऱ्या उत्तरांची. एकाने प्रश्न सोडला असेल तर ३३ जण, तरी ३.८१ येत नाही (३.७९ किंवा ३.८२). दोघांनी सोडला असेल तर ३२ जण, आणि १२२ भागिले ३२ म्हणजे ३.८१२५. इथे आकडा बसतो. मग पेपराची चूक एवढीच, की त्या ओळीतला खरा एन, म्हणजे किती जणांची उत्तरं धरली तो आकडा, सांगितला नाही. तिसरी गोष्ट राउंडिंगची: ३.१२५ चं कुणी ३.१३ करतं, कुणी ३.१२, म्हणून दोन्ही चालवून घ्यायचे. हे सगळं करूनही, एकाच टेबलात चार-पाच सरासऱ्या बसत नसतील, तर मात्र प्रकरण टायपिंगच्या चुकीपलीकडे गेलंय.

आपल्याकडच्या प्रबंधांत सरासरीपेक्षा टक्केवारीचे तक्तेच जास्त असतात, तिथेही हेच चालतं. ३४ जणांत एक माणूस म्हणजे २.९४ टक्के. तक्त्यात ‘३६ टक्के सहमत’ दिसलं की बारा माणसं ३५.३ टक्के आणि तेरा माणसं ३८.२ टक्के, मग ३६ कुठून आले? सराव करायचा असेल तर शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार उघडा. तिथे प्रबंध अख्खे मिळतात, बऱ्याचदा प्रश्नावलीही परिशिष्टात असते. जर्नलच्या आठ पानी पेपरात एवढी सोय क्वचितच.

आता एसडी, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं प्रमाण विचलन: उत्तरं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते. १ ते ५ च्या स्केलवर सरासरी जितकी टोकाला, तितकी एसडीला जागा कमी. पाचातून सरासरी वजा करा, सरासरीतून एक वजा करा, दोन्हींचा गुणाकार आणि त्याचं वर्गमूळ. सरासरी ४.५९ असेल तर ०.४१ गुणिले ३.५९, वर्गमूळ १.२१. एसडी काढताना एन ऐवजी एन वजा एकने भागतात ते धरलं तरी ३४ जणांसाठी कमाल १.२३. त्यासमोर एसडी १.४६ छापलेला असेल तर डेटा मागवायचीही गरज नाही, तो चूक आहे.

एसडी फार लहान असेल तेव्हा गडबड वेगळी असते. लेखकाने ‘एसडी’ च्या रकान्यात स्टँडर्ड एरर (एसडी भागिले एनचं वर्गमूळ) टाकलेला असतो. एसडी ०.८२ आणि माणसं ३४ असतील तर स्टँडर्ड एरर येतो ०.१४. ही अदलाबदल निरुपद्रवी वाटते, पण मेटा-ॲनालिसिस करणारा, म्हणजे अनेक पेपरांचे निकाल एकत्र जोडणारा, तोच आकडा उचलतो. दोन गटांतला फरक ०.३५ असेल तर इफेक्ट साइझ (फरक किती एसडींचा आहे ते) ०.३५ भागिले ०.८२, म्हणजे ०.४३. तोच ०.१४ ने भागला की अडीच! समाधान वाढवणाऱ्या एका कार्यशाळेचा परिणाम अडीच एसडी? स्त्री-पुरुषांच्या उंचीतला फरकसुद्धा एवढा नसतो. मेटा-ॲनालिसिसच्या आलेखात एकच ठिपका उजवीकडे लांब गेलेला दिसला की आधी हेच तपासावं.

त्याच पेपरात दोन गटांची तुलना आहे असं धरू. दोन्हींत ३४ जण, सरासरी ३.८२ आणि ३.४७, एसडी ०.८२ आणि ०.७९. ग्रिम दोन्ही सरासऱ्यांना पास करतं. आता टी काढा, म्हणजे हा फरक त्याच्या स्टँडर्ड एररच्या किती पट आहे ते. दोन्ही एसडींचे वर्ग करून बेरीज १.२९६५, भागिले ३४, वर्गमूळ ०.१९५. फरक ०.३५ भागिले ०.१९५, म्हणजे टी १.७९. पेपरातही १.७९ च आहे, छान. पण पुढे पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, लिहिलीय ०.०४. ती ०.०५ च्या आत असेल तरच निकाल धरायची प्रथा आहे. एक्सेलच्या टी-डिस्ट-टू-टी (T.DIST.2T) फंक्शनमध्ये १.७९ आणि ६६ (६८ माणसं वजा दोन गट) टाकलं की ०.०७८ च्या आसपास येतात. निम्मे केले की ०.०३९. म्हणजे वन-टेल्ड, फरक एकाच दिशेने बघणारी चाचणी केली, पी ०.०५ च्या आत आणली, आणि पेपरभर ते कुठेच सांगितलं नाही. माझ्या मते हा प्रकार टायपिंगच्या चुकीपेक्षा वाईट, कारण निष्कर्षच त्याच्यावर टांगलेला असतो.

हे काम हाताने कंटाळवाणं आहे, म्हणून ‘स्टॅटचेक’ हे आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं पॅकेज आहे. मिशेल नायटेन आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २०१३ या काळातल्या मानसशास्त्राच्या आठ जर्नलांमधल्या अडीच लाखांहून जास्त पी-व्हॅल्यू त्यातून काढल्या. निम्म्या पेपरांत किमान एक पी-व्हॅल्यू जुळत नव्हती, आणि दर आठातल्या एका पेपरात चूक इतकी मोठी होती की निष्कर्ष फिरू शकेल. मात्र स्टॅटचेक वाक्यात एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीने लिहिलेले निकालच वाचतं. टेबलातले आकडे त्याला दिसत नाहीत, ते आपणच बघायचे.

अर्थशास्त्रातलं प्रसिद्ध उदाहरण कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या पेपरचं. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात होतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा (ॲमहर्स्ट) विद्यार्थी थॉमस हर्न्डन याने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासोबत मूळ एक्सेल शीट उघडून बघितली, तर सरासरीच्या सूत्रात ओळी ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ च निवडलेल्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क बाहेर. तिघांच्या हिशेबाने दर निघाला २.२ टक्के. लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली.

गाजली ती एक्सेलची चूक, पण आकड्यात तिचा वाटा लहान होता. मोठा वाटा काही वर्षं गाळण्याचा आणि वजन देण्याच्या पद्धतीचा. ९० टक्क्यांवरच्या कर्जाची ब्रिटनची १९ वर्षं, सरासरी २.४ टक्के. न्यूझीलंडचं एकच वर्ष, १९५१, उणे ७.६ टक्के. लेखकांसारखं देशाला एक मत धरलं तर दोघांची सरासरी उणे २.६. वर्षाला एक मत धरलं तर अधिक १.९. पद्धतीचा बचाव लेखकांनी केला आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण एका देशाचं एक वर्ष दुसऱ्याच्या एकोणीस वर्षांना भारी पडतंय, हे टेबलाखाली छापायला हवं होतं.

स्वतःच्या डेटात सगळ्यात छुपी चूक कोऱ्या उत्तरांच्या कोडची. कोरं उत्तर ९९ म्हणून भरलं आणि काढायचं विसरलं तर सरासरी इतकी उडते की लगेच कळतं. ९ भरलं असेल तर कळत नाही. ३४ जणांत एक ९ राहिला तर ३.८ ची सरासरी ३.९५ होते, दोन राहिले तर ४.१. फरक ०.३ चा, म्हणजे वरच्या उदाहरणातला ०.३५ चा ‘परिणाम’ जवळजवळ एवढ्यातच उभा राहतो. म्हणून कोरा रकाना कोराच ठेवा, नाहीतर उणे ९९ टाका. विश्लेषणाआधी प्रत्येक कॉलमचा किमान, कमाल आणि काउंट काढून एका कागदावर लिहा, आणि व्हायवाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) जाताना तो कागद सोबत ठेवा. एन विचारतातच.