टी-शर्ट चालतील का?

"पैशांचं जरा अवघड आहे हो, पण टी-शर्ट चालतील का? मुलं खूश होतील."

आज दुपारी एका कंपनीतले साहेब हे इतक्या प्रेमाने म्हणाले, की रागही येईना. माझ्यासोबत आलेला थर्ड इयरचा पोरगा नुसता चहाचा कप फिरवत बसला. हा रात्री जागून एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना फुकट वापरता येतो अशा) मराठी कीबोर्डचे बग सोडवतो. या कामासाठी मागितले किती, तर महिन्याला ५,००० रुपये, सहा महिने. आणि त्यांच्या ॲपमध्ये हाच कोड चालतो, हे साहेबांनीच मघाशी कौतुकाने सांगितलेलं!

२०१४ मध्ये ओपनएसएसएल या ओपन सोर्स कोडमध्ये हार्टब्लीड नावाचं सुरक्षेतलं भगदाड सापडलं तेव्हा कळलं, की निम्म्याअधिक इंटरनेटची कुलपं सांभाळणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळायची. मग धावाधाव, मग निधी. आधी आग लागायलाच हवी का?

गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून ओपन सोर्सच्या कामासाठी नवख्यांना मानधन देतो, खरंय. पण जागा मोजक्या, आणि उन्हाळा संपल्यावर काय?

लिफ्टमध्ये पोरगा हळूच म्हणाला, "सर, माझा एक्सएल सांगा. बाबांना होईल."