पळणारं आमिष

शनिवार रात्र, ग्रँड मरे, मिनेसोटा

लेक ट्राउट पाठलाग करून खाणारा मासा आहे. आज दिवसभर लून तलावाच्या बर्फावर मी मुलीला हेच सांगत होतो. तिची कल्पना अशी, की भोक पाडायचं, दोरी सोडायची आणि स्टुलावर बसून कोको प्यायचा. वॉलाय नावाच्या इथल्या दुसऱ्या माशासाठी ते बरंचसं चालतं. ट्राउटसाठी मात्र हात सतत हलता लागतो.

पहाटे गनफ्लिंट ट्रेलला गाडी घातली तेव्हा उणे चोवीस होतं. हा रस्ता इथून, सुपीरियर सरोवराच्या काठावरून, निघतो आणि नव्वदेक किलोमीटर जंगलातून जात कॅनडाच्या सीमेपाशी संपतो. दोन्ही अंगांना तलावच तलाव, हिमनद्यांनी कोरून ठेवलेले, खोल आणि स्वच्छ. लेक ट्राउटला थंड आणि भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खाली गारव्याला जातो आणि तिथेच अडकून पडतो. हिवाळ्यात सगळा तलाव त्याला मोकळा होतो. बर्फाला लागून शून्य अंश, तळाशी चारच्या आसपास, कारण चार अंशांचं पाणी सगळ्यात जड. म्हणजे वीस मीटर खोलीवर भोक पाडलं तरी मासा तळाशीच असेल असं धरून चालत नाही. तो बर्फाच्या दोन हात खालूनही जात असतो.

आधी बर्फ तपासला. मी पुढे पहार आपटत, ती मागे माझ्या पावलांवर पाऊल टाकत. चालायला निदान चार इंच स्वच्छ, निळसर बर्फ हवा असं इथलं निसर्ग खातं सांगतं. बर्फ दुधाळ पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. आज दीड फुटाच्या वर होता, तरी पहार सोडली नाही. २०२३-२४ चा हिवाळा विसरलेलो नाही. मिनेसोटात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात उबदार हिवाळा तो. बर्फ धरायचे महिने बर्फाविना, पावसाळी गेले. मला त्याचं फार वाईट वाटतं. हा मासा थंडीवर जगतो, आणि थंडीच कमी होत चालली आहे.

बॅटरीवरच्या गिरमिटाने आठ इंची भोकं पाडली. भोकातला बर्फाचा चुरा मुलीने झाऱ्याने काढला. तो काढला नाही तर बघता बघता पुन्हा गोठतो आणि दोरी अडते.

मग दोघांची दोन आमिषं. तिच्या गळाला जिवंत मिन्नो, म्हणजे आमिषाचा चिमुकला मासा, पाठीच्या पराखाली हलकेच टोचलेला, तळापासून हातभर वर. माझी पांढरी ट्यूब जिग. ही म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, बोटाएवढी, शेवटाला झालर. आत दहा ग्रॅम शिशाचं डोकं आणि एकच गळ. शिसं आतून एका बाजूला झुकलेलं असल्यामुळे ती सरळ न पडता गोल गोल फिरत खाली जाते, दमलेला मासा जातो तशी. गळाच्या टोकाला मेलेल्या मिन्नोचं फक्त मुंडकं लावतो, वासापुरतं. अख्खा मिन्नो लावला तर जिगची फिरत पडण्याची ढबच मोडते.

मिन्नोंबद्दल एक गोष्ट मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. उरलेले मिन्नो तलावात सोडायचे नाहीत, बादलीतलं पाणीही ओतायचं नाही. जवळच्याच गनफ्लिंट तलावात काटेरी शेपटीचा पाणपिसू, एक चिमुकला जलजीव, शिरला आहे. ट्राउटची पिल्लं आणि छोटे मासे ज्या सूक्ष्म जीवांवर जगतात तेच हा खातो, आणि दोरीला ओल्या कापसासारखा चिकटून एका तलावातून दुसऱ्यात जातो. बादलीभर पाण्याने अख्ख्या तलावाचं अन्न हरवू शकतं. उरलेले मिन्नो कचऱ्यात, आणि जिवंत घरी न्यायचे असतील तर बादलीत नळाचं नाहीतर बाटलीचं पाणी. कायदाच आहे, आणि चांगला कायदा आहे.

दहाच्या सुमाराला सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, गोल पडद्यावर माझ्या जिगच्या रेघेखाली दुसरी रेघ उमटली. आधी बारीक हिरवी, मग जाड, मग लाल. मासा तळावरून उठला होता. मी रॉड मुलीच्या हातात दिला.

"बाबा, थांबू ना? त्याला खाऊ दे."

"थांबू नकोस. पळव. रीळ फिरव."

इथेच सगळ्यांचे हात अडखळतात. मासा जवळ आला की आमिष त्याच्या तोंडापुढे धरून ठेवावंसं वाटतं. पण ट्राउट ज्याला खातो तो छोटा मासा, सिस्को, घाबरल्यावर त्याच्यासमोर कधी थांबेल का? थांबलेलं आमिष ट्राउटला खोटं वाटतं; तो येतो, बघतो, वळतो. तिने रीळ फिरवलं. रेघ मागे लागली. वीस मीटरवरून पंधरा, पंधरावरून बारा. मध्येच रेघ मंदावली तेव्हा मी म्हटलं, आता एक हात खाली सोड, परत उचल. तिने सोडली, उचलली, आणि रॉडचं टोक भोकाच्या कडेवर आपटलं.

पुढची काही मिनिटं मी फक्त "ओढू दे, ओढू दे" म्हणत होतो. आणि मग ते बुडबुडे. भोकाच्या काळ्या पाण्यात मासा दिसायच्या आधी बुडबुडे वर येतात, दाण्यासारखे, मग घोळक्याने. लेक ट्राउटच्या वायुपिशवीची नळी घशाशी जोडलेली असते, त्यामुळे वर येताना तो जास्तीची हवा तोंडावाटे सोडून देऊ शकतो. म्हणून खोलातून आणलेला ट्राउट पुन्हा खाली जाऊन जगू शकतो. खोलातल्या वॉलायला हे इतक्या झटपट जमत नाही.

मासा अडीच फुटांच्या आसपास होता. हिरवट काळ्या अंगावर फिकट ठिपके, खालच्या परांना पांढरी कड. मी बर्फावर पालथा झालो, बाही मागे सारली आणि भोकातच त्याचा गळ काढला. उणे चोवीसमध्ये मासा बर्फावर टाकला तर डोळे आणि कल्ले क्षणात गोठतात. मग सोडून उपयोग काय? मुलीने हातमोजा काढून त्याची शेपटी धरली. शेपटीत जोर आला आणि तो सरळ खाली गेला.

हा मासा फार सावकाश वाढतो. असल्या थंड, कमी अन्नाच्या तलावात अंडी घालण्याजोगा व्हायलाच त्याला सहा-आठ वर्षं किंवा जास्त लागतात, आणि तो पंचवीस वर्षांच्या पुढेही जगतो. आजचा मासा बहुधा माझ्या मुलीहून मोठा. अकरा वर्षांच्या मुलीला हे सांगताना तिचे डोळे बघण्यासारखे होते. नियमाने माणशी दोन ट्राउट ठेवता येतात, पण मोठे मी ठेवत नाही. तेच पुढची पिढी जन्माला घालतात, आणि वय वाढेल तसा त्यांच्या अंगात पाराही साठतो. दुपारी हातभर लांबीचा एक मिळाला, तो ठेवला. मांस केशरी, तेलकट. रव्यात घोळून तळला, सोबत सोलकढी.

तिच्या मिन्नोला आज कुणी विचारलं नाही. ते रोजचंच असं नाही. मासे सुस्त असले की जिगकडे पाठ फिरवतात आणि तळाशी वळवळणारा मिन्नोच घेतात. पण ज्या दिवशी ते पळायला तयार असतात, त्या दिवशी जिगच.

रात्री दाभोळला फोन लावला. तिकडे सकाळ, माझे बाबा नुकतेच उठले होते. मुलीनेच सगळं सांगितलं.

"एवढा मोठा सोडलास?"

"आजोबा, तो माझ्यापेक्षा मोठा होता!"

बाबा हसले, आणि मग जिगबद्दल विचारू लागले. ते जन्मभर खाडीत जिवंत कोळंबी लावून जिताडा गरवत आले आहेत. जिताडाही झडप घालणारा मासा. नळी किती लांब, शिसं कुठे बसवायचं, गळ कुठल्या बाजूने बाहेर काढायचा, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मे महिन्यात जाताना डझनभर नेतो. दहा ग्रॅमच्या चालणार नाहीत, खाडीत ओहोटीला ओढ फार असते. पंचवीसच्या बघायला हव्यात, आणि गळ खाऱ्या पाण्यात न गंजणारे.