एफटीआर: जुनी एनफील्ड कारखान्यात परत गेली की

नंबर ४ ली-एनफील्ड या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफलीच्या बॉडीवर (नळी मागून मिटवणारा बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर) डाव्या अंगाला 'एफटीआर' आणि पुढे वर्ष कोरलेलं दिसलं, की ती रायफल कारखान्यात पूर्ण उकलून पुन्हा बांधली आहे असं समजायचं. एफटीआर म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर. महायुद्धानंतर लिव्हरपूलच्या फॅझकरली कारखान्यात हे काम मोठ्या प्रमाणावर झालं, आणि बंगालमधल्या ईशापूरला नंबर ४ च्या आधीच्या नंबर १ रायफलींवरही झालं. संग्राहक अशा रायफलीला 'भागांची खिचडी' म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. जुळवणी नीट झालेली एफटीआर रायफल युद्धकाळातल्या घाईच्या मूळ मालापेक्षा बहुधा सरसच असते.

उकलल्यावर आधी बॉडी तपासतात, कारण बाकी सगळं बदलता येतं. नंबर ४ च्या मार्क १* या प्रकारात बोल्ट-हेड (बोल्टचं पुढचं सुटं तोंड) काढण्यासाठी, ते ज्या रुळावरून सरकतं त्याला पुढे खाच दिलेली असते. तिथली कड तुटली की बोल्ट-हेड रूळ सोडून वर उडतं.

मग नळी. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये (बार पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) क्लोरेट असे, आणि आपल्या खडकीच्या 'केएफ' छापाच्या .३०३ काडतुसांच्या बाबतीतही तेच. बार उडाला की नळीत क्षार राहतो. तो तेलाने निघत नाही, गरम पाण्यानेच निघतो. पाणी ओतायचा कंटाळा केला की आतून खड्डे पडतात आणि नळी बदलावी लागते.

खरी मेहनत बोल्टवर असते. सुट्टा बोल्ट ग्रीस आणि मेणकागदात गुंडाळून येतो, त्यावर नंबर नसतो. त्याच्या दोन्ही कानांना (बॉडीत अडकून धक्का सोसणाऱ्या उंचवट्यांना) निळा रंग लावून तो बसवतात आणि बॉडीत डाग कुठे उमटतो ते पाहतात. एकाच कानावर डाग आला तर सगळा धक्का तोच सोसतो. दोन्ही सारखे टेकेपर्यंत घासायचं, मगच रायफलीचा नंबर बोल्टवर ठोकायचा. बोल्ट आधी दुसऱ्या रायफलीचा असेल तर जुन्या नंबरावर काट मारलेली दिसते.

त्यानंतर हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून काडतुसाची कड जिथे टेकते तिथपर्यंतची जागा. .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, .०७४ च्या गेजवर मिटता कामा नये. नंबर ४ ची बोल्ट-हेड ० ते ३ अशा चार मापांत येतात, प्रत्येक साधारण .००३ इंचाने लांब. ३ नंबर लावूनही बोल्ट मोठ्या गेजवर मिटत असेल, तर दोष हेडचा नाही. बोल्टचे कान किंवा बॉडीतल्या त्यांच्या बैठका झिजल्या आहेत. दुसरा बोल्ट घालून बघायचं. तोही तसाच मिटला तर बॉडी भंगारात. नंबर १ ला ही ठरीव मापं नाहीत. तिथे ढिगातलं लांब हेड निवडून कानशीने उतरवावं लागतं.

लाकडाकडे सगळे दुर्लक्ष करतात, आणि नेम तिथेच बिघडतो. बॉडीमागे लाकडाच्या ज्या भिंतींवर धक्का बसतो, त्या तेल पिऊन मऊ पडतात आणि पुढचा दस्ता मागेपुढे हलू लागतो. तेवढा भाग तासून टणक लाकडाचा तुकडा चिकटवतात. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने तिथल्या कोचवुड लाकडासाठी तिथे तांब्याच्या पट्ट्या दिल्या होत्या. पुढच्या टोकाशी लाकडाने नळी २ ते ७ पौंड जोराने वर उचलून धरली पाहिजे. दमट हवेत लाकूड फुगलं की हा दाब बदलतो.

मूळ मार्क १ चा ट्रिगर गार्डवर टांगलेला असल्याने लाकूड फुगलं की त्याचा ओढही बदलायचा. म्हणून फॅझकरलीने पुष्कळ रायफलींचा ट्रिगर थेट बॉडीवर टांगला. त्या झाल्या मार्क १/२ आणि १/३. त्यासाठी पुढच्या दस्त्याचा मागचा भाग कापावा लागतो, आणि तो चिरू नये म्हणून आडवा बोल्ट घालतात. ओढ दोन टप्प्यांचा: पहिला ३-४ पौंड, दुसरा ५ ते ६.५.

सगळ्यात शेवटी फॉस्फेट आणि भट्टीत भाजलेला काळा रंग. मग गोळ्या झाडून नेम. पुढच्या साइटची पाती .०१५ इंचाच्या टप्प्यांनी मिळतात. एक टप्पा उंच पातं घातलं की १०० यार्डांवर गोळी जवळपास २ इंच खाली लागते.