टॉवर म्हणे सपाटीवर आहे

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला एका टेकडीवर 40 मीटरचा जुना मोबाइल टॉवर आहे, त्यावर 1.2 मीटरचे दोन डिश वाढवायचे होते आणि टॉवरला ते झेपतंय का हे मी चेक करून द्यायचं. असल्या कामाला साइटवर सहसा कोण जात नाही, ड्रॉइंग बघून सही मारतात, मीपण तेच करणार होतो, पण चोर्ल्याकडं दुसरं काम निघालं म्हणून वाटेत गाडी वर घातली.

वर गेल्यावर टॉवरच्या आधी दिसली ती कंपाउंडशेजारची जांभळ. सगळ्या फांद्या पूर्वेला, पश्चिमेची बाजू साफ बोडकी. जागेचे मालक, सत्तरीचे आजोबा, म्हणाले "काय बघायलाय हो साहेब, हितं पावसात छत्री उघडायची न्हाई, नुसती दांडी हातात ऱ्हाती."

तिथंच गाडीच्या बॉनेटवर जुनं कॅल्क्युलेशन उघडलं. आयएस 875 भाग 3, म्हणजे बांधकामावर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणारा भारतीय कोड, त्यात वाऱ्याचा मूळ वेग मोठ्या गावांचा नावानिशी मिळतो, पणजीला सेकंदाला 39 मीटर, बंगलोरला 33, आणि आपल्याला नकाशातल्या रेघेच्या कुठल्या बाजूला आपण येतो ते बघावं लागतं (तिथंपण सीमाप्रश्नच!). त्या वेगाला मग फॅक्टरनी गुणायचं, त्यातला के-थ्री हा टेकडीचा. जुन्या शीटमधे के-थ्री लिहिलेला 1.0, म्हणजे सपाट माळ! ज्यानं लिहिलं त्यानं ही टेकडी बघितलीच नसणार, कुणाचं काम ते सांगत नाही.

चढ 3 अंशाच्या वर गेला की कोड सपाट धरू देत नाही. इथं पश्चिमेकडून 300 मीटरात 60 मीटर चढ, म्हणजे 11 अंश. हिशोबात टॉवरच्या बुडाशी के-थ्री 1.24 च्या जवळ गेला, वर चढत गेलं की कमी होतो. आता 1.24 ऐकायला किरकोळ वाटतं, पण दाब वेगाच्या वर्गात वाढतो, म्हणजे बुडाशी दीडपटीच्या वर.

रात्री क्लायंटला फोन केला तर ते म्हणाले "अहो 14 वर्षं उभा आहे की तो." मी म्हटलं साहेब, कोडमधला वेग 50 वर्षांच्या वाऱ्याचा असतो, म्हणजे सरासरी 50 वर्षांत एकदा येणाऱ्या, तसला वारा 14 वर्षांत एकदा तरी यायची शक्यता जेमतेम 25 टक्के, त्यामुळं टॉवरची परीक्षा अजून झालेलीच नसेल. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली.

शेवटी टॉवरच्या खालच्या चार पॅनलचं (टप्प्यांचं) ब्रेसिंग, म्हणजे पायांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, बदललं आणि डिश 0.6 मीटरचे घेतले, क्षेत्रफळ सरळ चौथाईवर. रिपोर्टच्या पहिल्या पानावर मी जांभळीचा फोटो लावला होता, तो काढायला सांगितला त्यांनी. मी नाही काढला.