हॅवलॉकचा कोर्स आणि माझा तिसरा डाइव्ह

हॅवलॉकला (कागदोपत्री आता स्वराज द्वीप) जाऊन स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स करून आलो. कासव दिसलं, निमो दिसला, फोटो धूसर आले. त्याबद्दल एवढंच. पुण्याहून निघताना सगळी धास्ती खाली जाण्याची होती; फजिती झाली ती वर येताना.

तिसरा डाइव्ह, ११ मीटर. पाठीवरची हवेची टाकी ६० बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) आलेली. भरलेल्या टाकीत दोन-अडीच किलो हवा असते आणि ती संपत जाते तसे आपण हलके होतो, हे वर्गात पाठ केलं होतं. पाण्यात आठवलं नाही. वर निघताना बीसीडी जॅकेटमधली (तरंगणं सांभाळायला ज्यात हवा भरतात ते) हवा सोडायची राहिली. वर जाऊ तसा दाब कमी होतो, जॅकेटमधली हवा फुगते, आणि ती फुगली की आपण आणखी वेगाने वर. सहा मीटरनंतर मी पोहत नव्हतोच, बुचासारखा उसळत होतो. मनगटावरचा, खोली आणि वेग मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर बोंबलत होता. इन्स्ट्रक्टर मॅडमनी पायातला फिन पकडला तोवर अडीच मीटरवर पोचलो होतो. पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा) अर्थातच हुकला.

नशीब, श्वास कोंडला नव्हता. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हीच सवय मोडावी लागते. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास रोखून अगदी मीटर-दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून तारकर्लीच्या उथळ हौशी डाइव्हलाही हा नियम लागू आहे. वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवा. आम्हाला शिकवलेली साधी खूण म्हणजे आपल्याच बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. डावा हात वर, डिफ्लेटरचं (जॅकेटमधली हवा सोडायचं) बटण बोटाखाली, थोडी थोडी हवा सोडत.

संध्याकाळी डावा खांदा ठणकायला लागला. टाकी उचलल्याने असेल म्हणून गप्प बसलो, कारण पुढच्या डाइव्हचे पैसे भरले होते! जेवताना शेवटी बोललो. मॅडम चिडल्या त्या खांद्यावर नाही, दोन तास गप्प राहिल्यावर. मुंग्या येतात का, चक्कर, अंगावर चट्टे, विचित्र थकवा, सगळं विचारलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशीचे डाइव्ह रद्द. रक्तात आणि पेशींत विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि त्याचं दुखणं सांध्यापासून सुरू होऊ शकतं. सकाळी खांदा ठीक होता. बहुधा टाकीच्या पट्ट्याचंच दुखणं असावं, पण तो निवाडा माझा नव्हता.

सेंटर निवडताना दराआधी विचारा: बोटीवर ऑक्सिजन आहे का, प्रत्येकाला कॉम्प्युटर देता का, आणि गरज पडल्यास रीकॉम्प्रेशन चेंबरपर्यंत (या बुडबुड्यांवर पुन्हा दाब देऊन उपचार करतात ती खोली) कसं नेणार?

परतीचं तिकीट सैल ठेवा, कारण उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि तेच बुडबुडे तिथेही होऊ शकतात. एकाच डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह केल्यास किमान १८. मी तर पूर्ण दिवस सोडला. पोर्ट ब्लेअरची फेरीबोट चालते, ती समुद्रसपाटीवरच असते. मालवणला कोर्स करणाऱ्यांनी मात्र शेवटच्या खोल डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नये. तो जवळपास ७०० मीटर उंच आहे.

कॉम्प्युटर परत द्यायला गेलो तेव्हाही त्यावर विमानाचं, म्हणजे 'अजून उडू नका' असं सांगणारं चिन्ह होतंच. तिकीट पुढे ढकलायला साडेतीन हजार लागले.