हम सापडला, अर्थिंगच्या खड्ड्यात

मागच्या वेळी ज्या हमबद्दल, म्हणजे रेकॉर्डिंगमागं सतत येणाऱ्या विजेच्या गुणगुणीबद्दल, लिहिलं होतं, तो अखेर काल दुपारी सापडला. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात. तीन आठवडे मी केबलींवर संशय घेत बसलो होतो.

जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या गावांत उन्हाळ्यात हे कुणाच्याही घरी होऊ शकतं. आबाजींचं खंजेरी भजन रेकॉर्ड करताना ओळ संपली की मागं गुंऽऽ असा आवाज उरायचा. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे याचा आलेख, पाहिला तर 50, 100, 150, 200 हर्ट्झला सरळ खुंट्या उभ्या. म्हणजे विजेच्या लाइनचाच. 80 हर्ट्झखालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावला, 50 दबला. पण 150 आणि 200 आबाजींच्या गळ्यातच बसलेले; ते कापले की आवाज पोकळ. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रीएफआयआर फिल्टरला नुसत्या हमचा नमुना देऊन वजाबाकी केली, तर शेवटचं अक्षर पाण्याखालून आल्यासारखं. नवीन मंडळींना कळकळीनं सांगतो, हम मिक्सिंगमध्ये काढायला जाऊ नका, तो जिथून येतो तिथंच धरा.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. माइकची नवी एक्सएलआर केबल आणली. दुकानदारानं चांगली म्हणून दिली, सोलून पाहिली तर शिल्डच्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या जाळीच्या, नावाला चार तारा. त्यापेक्षा केबल मीटरवर घ्या, कनेक्टर वेगळे घ्या आणि घरी सोल्डर करा. स्वस्त पडतं आणि टिकतं. हमला मात्र काहीच फरक नाही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला, आणि एकदम शांत! परत लावला की परत गुंऽऽ. चार्जर चालू असताना स्कारलेटच्या, म्हणजे माइक यूएसबीवरून लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राच्या, धातूच्या खोक्यावर तळहात ठेवला तरी आवाज उतरायचा. लॅपटॉपच्या कडेला मनगट लागलं की झिणझिण्या यायच्या, त्याकडे इतके दिवस लक्षच दिलं नव्हतं. मल्टिमीटर लावला: यूएसबीच्या पत्र्यापासून न्यूट्रलपर्यंत 104 व्होल्ट. चार्जरच्या फिल्टरमधून होणारी बारीकशी गळती अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवी. ती वाट बंद असली की बॉडीवर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं आणि यूएसबीतून माइकच्या ग्राउंडवर येतं.

सॉकेटला तिसरी वायर होती, खड्ड्यापर्यंत शाबूतही होती. पण मे महिन्यात काळी माती आकसून पाइपापासून सुटलेली, बोट जाईल एवढी भेग. दोन बादल्या पाणी ओतलं. आत हेडफोन लावून बसलेला पुतण्या ओरडला, "काका, कमी होऊन राह्यलं!" पंधरा मिनिटांत हम -47 वरून -63 डीबीवर (उणे आकडा जितका मोठा, तितका आवाज कमी). संध्याकाळी भोवतीची माती उकरून कोळसा, जाडं मीठ भरलं आणि पुन्हा भिजवलं. आज सकाळी -68. आबाजींना ऐकवलं, ते दोन कडवी डोळे मिटून बसले, मग म्हणाले, "आता माहा आवाज माह्यासारखा वाटते."

चार्जरची तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. असा हम त्यानं जाणार नाहीच, वर जिवाशी खेळ आहे.

खंजेरीचंही जमलं. आमच्या एसएम 58 माइकला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून साथीची खंजेरी आबाजींच्या समोर, माइकच्या बरोबर पाठीमागं चार हातांवर बसवली. झांजांचा कचकचाट उतरला. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, असा ठेवलाय की सगळ्यात जोराची थापही -12 डीबीच्या आत राहते.

पुढचा बेत पत्र्याच्या खोलीत गाद्या टांगण्याचा होता. पण हे लिहितानाच सुचलं: भाव वाढेल म्हणून बाबांनी ठेवलेला कापूस पलीकडच्या खोलीत छातीएवढा भरलाय. आत्ता उठून तिथं टाळी वाजवून आलो; घुमणं नाहीच, टाळी हातातच विरते. एवढं शोषण विकत कुठं मिळणार? त्या खोलीत बाबा विजेची वायर नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण स्कारलेट लॅपटॉपच्याच विजेवर चालतं, बॅटरी दोन तास पुरते, 58 ला फँटम, म्हणजे केबलमधून माइकला द्यावी लागणारी वीज, लागत नाही. मग चार्जरच नको! साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, म्हणून आबाजींच्या मागं धुतलेली चादर बांधीन. कूलर बंद करावा लागणार, तेव्हा रात्री दहानंतरच.

व्यापारी सोमवारी माल पाहायला येणार आहे. शनिवारची रात्र हाती आहे. बॅटरी चार्ज करायला लावलीये.