टोळांनी खाल्लेली वर्षे

२०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून टोळधाड आमच्या वरुड-मोर्शी भागात उतरली. दुपारी आई अंगणातून ओरडली, "अरे, वावराकडे पाय, आभाय कसं झालं!" पिपे, ताटल्या, हाती लागेल ते बडवत आम्ही संत्र्याच्या बागेत धावलो. आंबिया बहाराची फळं झाडावर होती. ती बरीचशी वाचली, पण कोवळी नवती पार खुडून नेली. एक टोळ मी हातात धरून पाहिला. गुलाबीसर अंग, मागच्या तंगड्यांना करवतीसारखे दाते. मुठीतही त्याचं तोंड चालूच होतं.

त्याच रात्री आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर निरोप आला: करोना आला, टोळ आले, बायबलातल्या योएल संदेष्ट्याची भविष्यवाणी पूर्ण झाली. कोणी तर जगाच्या शेवटाचं सालही काढून दिलं होतं. मला त्याचा फार त्रास झाला.

मी योएलाचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिल्याच अध्यायात टोळांना चार नावं आहेत, हिब्रूत गाजाम, अर्बे, येलेक, हासील. एकानं ठेवलं ते दुसऱ्यानं खाल्लं. पुढे ढेकळाखाली सुकलेलं बी, ओस पडलेली कोठारं, चाऱ्यावाचून हंबरणारी गुरं. दुबार पेरणी केलेल्या माणसाला यावर प्रवचन लागत नाही. योएल आधी आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोरचं नुकसान पाहून रडतो, उपास करायला सांगतो, कपडे नव्हे तर अंतःकरण फाडा म्हणतो, आणि तिथूनच त्याला परमेश्वराचा दिवस, म्हणजे न्यायाचा दिवस, दिसतो. ते रडणं गाळून त्याच्या पुस्तकातला नुसता रक्तासारखा चंद्र उचलणं मला पटत नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांना योएल कसा वाचायचा हे येशूचा शिष्य पेत्र यानं दाखवून दिलंय. देव आपला आत्मा माणसांवर ओतील हे वचन योएल "यानंतर" म्हणून सांगतो. पेत्र पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या, सणाला यरुशलेमात उभा राहून तेच वचन "शेवटल्या दिवसांत" असं म्हणून सांगतो, आणि ते आज घडतंय म्हणतो. म्हणजे शेवटला काळ २०२० साली सुरू झाला नाही, तो त्या दिवशीच सुरू झाला. सूर्य काळोख होईल हेही पेत्र वाचतो. ते अजून व्हायचं आहे, प्रभू येणार आहे, हे मी मनापासून मानतो. पण त्या दिवसाची घटका पुत्रालाही, म्हणजे स्वतःलाही, ठाऊक नाही, असं मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूच सांगतो. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या माणसांनी बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांवरून प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. काहींनी त्या साली पीक काढलंच नाही, शेतात तसंच सोडलं. उभं पीक सोडायचं! मला ते वाचवत नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी ओसरीवर आईला योएलाचा दुसरा अध्याय वाचून दाखवला. पंचविसाव्या वचनात देव म्हणतो, टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी भरपाई करीन. आईनं मला थांबवलं.

"वर्षं काहून म्हणते देव? टोळ त एका दिसात गेले ना."

मी काही बोलायच्या आत तीच बोटं मोडत मोजायला लागली. "गारपिटीचं एक. बोंडअळीचं एक. तुहे बाबा गेले, थे एक." मग बराच वेळ गप्प राहिली.

"पुन्हा वाच बरं थे," म्हणाली.

मी वाचलं.